पोरगी वकील झाली, जज कशी होणार?

जरीपटक्याहून आम्ही बोलतो आहोत. बचत गटाच्या ताया, आज हातातले काम थोडे बाजूला ठेवा आणि घरात शिकणारी मुलगी असेल तर तिलाही जवळ बसवा.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. तेवढ्यात एका ताईने विचारले, "माही पोरगी वकील झाली. काळा कोट घालून रोज कोर्टात जाते. आता म्हणते, मले जज व्हाचं हाय. तर त्याचा अर्ज कुठं द्याचा? का वकिली करता करता सरकारच जज बनवते?"

सगळ्या हसल्या. पण उत्तर एकीलाही देता आले नाही. आम्हालाही नाही. मग आम्ही माहिती काढली, नियम वाचून घेतले, कोर्टात काम करणाऱ्या वकील तायांशी बोललो. तेव्हा कळले की त्या ताईचे दोन्ही अंदाज बरोबर होते. अर्ज करून, परीक्षा देऊन जज होता येते. आणि वर उच्च न्यायालयात अर्जच नसतो, तिथे निवड होते. कोणती वाट कुठून सुरू होते ते आज नीट समजून घेऊ.

आधी कोर्टाच्या पायऱ्या

आपले भांडण सहसा तालुक्याच्या कोर्टात जाते. धुऱ्याचा वाद, उधारीचा दावा, मारहाणीची तक्रार, नवऱ्याने पोटगी न दिल्याची केस. तिथे बसतात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. कोर्टात सगळे त्यांना 'जेएमएफसी' म्हणतात. त्यांच्या वर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. त्यांच्या वर जिल्हा न्यायाधीश. खुनासारखे मोठे खटले सत्र न्यायालयात चालतात, तिथेही हेच न्यायाधीश बसतात. त्याच्या वर मुंबई उच्च न्यायालय, त्याचे खंडपीठ आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आणि सगळ्यात वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय.

वकिलाला जज व्हायचे असेल तर या जिन्यावर तो तीन ठिकाणांहून चढू शकतो: तालुक्याच्या पायरीवरून, जिल्ह्याच्या पायरीवरून किंवा थेट उच्च न्यायालयाच्या पायरीवरून.

पहिली वाट: परीक्षा देऊन तालुक्याचा जज

आपल्या मुलींसाठी हीच वाट सगळ्यात मोकळी. ही परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, म्हणजे तोच एमपीएससी. आधी १०० गुणांची पूर्व परीक्षा, त्यात पर्याय दिलेले असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. ती निघाली की मुख्य परीक्षा, १०० गुणांचे दोन पेपर. एक मुख्यतः दिवाणी कायद्याचा, एक मुख्यतः फौजदारी कायद्याचा. शेवटी ५० गुणांची मुलाखत.

वकिलांसाठी वयाची अट २१ ते ३५ वर्षे अशी राहिली आहे. मागासवर्गीय उमेदवारांना वर पाच वर्षांची सूट. एक गोष्ट आपल्या मुलींच्या बाजूची आहे. उमेदवाराला मराठी बोलता, वाचता, लिहिता आणि भाषांतर करता आलेच पाहिजे. तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा १९९८ पासून मराठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलीने इंग्रजीला घाबरून ही वाट सोडू नये. इंग्रजी शिकावी लागते, कायद्याची पुस्तके वाचायला ती लागतेच. पण मराठी ही तिची कमजोरी नाही, ताकद आहे.

अभ्यासाबद्दल एक सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. दुसऱ्या कोणाची जुनी पुस्तके घेतली असतील तर ती जपून वापरा. कलमांचे आकडे बदलले आहेत.

निवड झाली की प्रशिक्षण. महाराष्ट्र न्यायिक अकादमी ठाणे जिल्ह्यात उत्तनला आहे. पगाराचे विचाराल, तर न्यायाधीशांच्या वेतन आयोगाप्रमाणे या पदाचे मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते वेगळे.

पुढे बढती मिळत जाते. तालुक्याच्या जजपासून वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. तिथून उच्च न्यायालयातही जाता येते. केरळच्या फातिमा बीवींचे उदाहरण घ्या. १९५० मध्ये त्यांनी सनद घेतली. १९५८ मध्ये मुन्सिफ झाल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या कोर्टाच्या जज. एकेक पायरी चढत १९८३ मध्ये उच्च न्यायालयात गेल्या. ६ ऑक्टोबर १९८९ ला त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. वर दिल्लीपर्यंत जाणारी वाट खालच्या कोर्टातूनही निघते, ती अशी.

दुसरी वाट: सात वर्षे वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीश

एखादी मुलगी तालुक्याच्या परीक्षेला बसली नाही, किंवा बसली आणि निघाली नाही. वकिली मात्र करत राहिली. तिचे दार बंद होत नाही. राज्यघटनेच्या कलम २३३ प्रमाणे ज्याची किमान सात वर्षे वकिली झाली आहे त्याला थेट जिल्हा न्यायाधीश होता येते. ही परीक्षा उच्च न्यायालय स्वतः घेते. महाराष्ट्रात वय ३५ पूर्ण लागते आणि वरची मर्यादा साधारण ४५ आहे, मागासवर्गीयांना तीन वर्षे जास्त.

जिल्हा न्यायाधीशांच्या चार जागा धरल्या, तर दोन बढतीने भरायच्या, एक खात्यातल्या परीक्षेने आणि एक वकिलांतून थेट. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असे ठरवून दिले आहे. सरकारी वकील म्हणून केलेले काम वकिलीतच धरले जाते, हेही २०१३ मध्ये ठरले आहे. आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आणखी एक दार उघडले. जी व्यक्ती आधीच खालच्या कोर्टात जज आहे, तिची वकिली आणि नोकरी मिळून सात वर्षे होत असतील तर तीही या थेट परीक्षेला बसू शकते.

आपल्या कामाची आणखी एक गोष्ट. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा हे वाद कुटुंब न्यायालयात चालतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच लिहिले आहे की तिथले न्यायाधीश निवडताना महिलांना प्राधान्य द्यावे.

तिसरी वाट: अर्ज नसलेली

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होण्यासाठी परीक्षा नसते. दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली किंवा दहा वर्षे न्यायिक पदावर काम, एवढी अट घटनेत आहे. ज्येष्ठ न्यायमूर्तींचा गट, ज्याला कॉलेजियम म्हणतात, तो नावे सुचवतो. सरकारकडे ती जातात आणि नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीने होते.

आपल्या विदर्भातले उदाहरण भूषण गवई साहेबांचे. जन्म अमरावतीचा, १९६० चा. १९८५ मध्ये वकिली सुरू केली. १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात काम केले. नागपूर महापालिकेचे वकील होते, पुढे २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले. २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि १४ मे २०२५ ला देशाचे सरन्यायाधीश. २३ नोव्हेंबर २०२५ ला ते निवृत्त झाले. त्यांच्याआधी नागपूरचेच शरद बोबडे साहेब २०१९ ते २०२१ या काळात सरन्यायाधीश होते. दोघेही वकिलीतून थेट उच्च न्यायालयात गेलेले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर. त्याही वकिलीतूनच १९७८ मध्ये गेल्या. म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीस वर्षे गेली, तेव्हा कुठे त्या खुर्चीवर बाई बसली.

आता खरी गोष्ट: कोणत्या वाटेवर बाया दिसतात?

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एक अहवाल काढला. त्यात देशभरच्या जजची मोजणी आहे. जिल्हा आणि तालुक्याच्या कोर्टात शंभरात साधारण ३६ महिला. उच्च न्यायालयात शंभरात साधारण १३. सर्वोच्च न्यायालयात शंभरात ९.

हे आकडे ऐकून आम्ही थांबलो. जिथे पेपर लिहून जागा मिळते तिथे बाया तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत. जिथे नाव सुचवले जाते तिथे त्या कमी होत जातात. पेपर तपासणाऱ्याला उमेदवार कोणाची मुलगी आहे हे दिसत नाही. ज्यांच्या घरात आधी कोणी वकील नाही, ज्यांची कोणाशी ओळख नाही, त्यांच्यासाठी परीक्षा हीच खरी शिडी आहे. म्हणून पहिली वाट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची.

आणि याच वाटेवर २०२५ मध्ये एक नवी अट आली. खरे तर जुनीच, पुन्हा आलेली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की तीन वर्षे वकिली केल्याशिवाय परीक्षेला बसू नये. २००२ मध्ये ती अट गेली आणि नुकत्याच एलएलबी झालेल्या मुलीही बसू लागल्या. २० मे २०२५ ला सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने अट परत आणली. तीन वर्षे वकिली केल्याचा दाखला असेल तरच परीक्षेला बसता येईल. कोर्टात उभे न राहिलेला माणूस थेट खुर्चीवर बसला तर लोकांना त्रास होतो, असे कारण दिले.

ते कारण चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने पक्षकाराचे रडणे ऐकले नाही त्याने निकाल कसा द्यावा? पण ही तीन वर्षे आपल्या घरात कशी जातात तेही पाहा. नवी वकील सीनियरच्या हाताखाली राहते. कित्येक ठिकाणी तिला महिन्याला गाडीभाडे सुटेल एवढेही मिळत नाही. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढले की ज्युनियरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची असते. शेजारीपाजारी विचारतात, "एवढं शिकून कमावते किती?" मामा स्थळ घेऊन येतो. आणि कोट खुंटीला लागतो.

अभ्यासात मुलगी कमी पडत नाही. ती या तीन वर्षांत गळते.

या तीन वर्षांत काय करायचे

पहिले, सनद लवकर घ्या. वकिलीचा काळ तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून मोजला जातो, असे त्याच निकालात आहे. निकालपत्रिका हाती आली की वकील परिषदेत नोंदणी करा, सहा महिने वाया घालवू नका. सनदेच्या फीचेही लक्षात ठेवा. ३० जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे ती सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पास व्हावी लागते.

दुसरे, पुरावा जपा. तीन वर्षांचा दाखला त्या कोर्टाचे प्रमुख न्यायाधीश देतात, किंवा दहा वर्षे वकिली झालेले वकील देतात आणि त्यावर प्रमुख न्यायाधीशांची सही लागते. म्हणून मुलीचे नाव वकीलपत्रावर आले पाहिजे. ज्युनियर सगळे काम करते आणि वकीलपत्रावर नाव फक्त सीनियरचे, असे होऊ देऊ नका. रोजनाम्यात हजेरी लागते का पाहा. वकीलपत्राच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा. गटाची वही आपण जशी ठेवतो तशी.

तिसरे, मानधन मिळणारे काम शोधा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लोक अभिरक्षक कार्यालय असते. गरीब आरोपींची बाजू तिथले वकील मांडतात. त्यात सहायकाची जागा नव्या वकिलांसाठीच असते, तीन वर्षांपर्यंतच्या. काम कराराचे असते, पण दरमहा पैसे मिळतात आणि रोज कोर्टात उभे राहता येते. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही तीन वर्षांत धरले जाते.

चौथे, शिकवणीची सोय. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या सरकारी संस्था स्पर्धा परीक्षांसाठी मोफत वर्ग काढतात. न्यायिक सेवेच्या वर्गाची जाहिरात निघते का यावर लक्ष ठेवा.

आणि ज्यांच्या मुली अजून बारावीत आहेत त्यांनी ऐका. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हीला राज्याची सीईटी द्यावी लागते. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. प्रवेश सरकारी फेरीतून घ्या आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

गटाने काय करायचे

आपण म्हशीसाठी कर्ज देतो, शिलाई मशीनसाठी देतो. म्हैस दोन महिन्यांत दूध देते म्हणून परतफेड लगेच ठरवतो. वकील मुलीला फळ यायला तीन-चार वर्षे लागतात. तिच्यासाठी गटाला वेगळा विचार करावा लागेल. अंतर्गत कर्जातून कोट, पुस्तके, परीक्षेची फी, पहिल्या वर्षाचे बसभाडे यासाठी लहान रक्कम द्यावी, हप्ता छोटा ठेवावा. ठराव करून, वहीत लिहून. कोणावर उपकार म्हणून नाही, गटाचा निर्णय म्हणून.

पैशापेक्षा मोठी मदत म्हणजे तिच्या आईला साथ. शेजारी विचारतील, मामा विचारेल. तेव्हा गटातल्या चार बायांनी आईच्या बाजूने बोलायचे: "तिले तीन वर्ष द्या. मग बोलू."

हे आम्ही इतक्या कळकळीने का सांगतो? जरीपटक्याला लागून कस्तुरबा नगर आहे. तिथल्या बायांनी एका गुंडाचा अत्याचार वर्षानुवर्षे सोसला. तक्रारी केल्या, कोणी दाद दिली नाही. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला नागपूरच्या कोर्टात आणले होते. तिथेच, कोर्टाच्या खोलीत, बायांच्या जमावाने त्याला ठार केले. देशभर बातमी झाली. ते बरोबर झाले असे आम्ही म्हणणार नाही. हातात कायदा घेतल्याने न्याय होत नाही, पुढे कित्येक वर्षे तारखाच मिळतात. पण ज्या बायांना कोर्टावर विश्वास राहिला नाही त्यांचे मन आम्हाला समजते. तो विश्वास परत यायचा असेल तर आपल्या वस्तीतून, आपल्या गावातून, आपली बोली समजणारी माणसे त्या खुर्चीपर्यंत पोहोचली पाहिजेत. बाई जज आहे म्हणून निकाल बाईच्या बाजूने लागेल असे नाही, तसा लागूही नये. पुरावा पाहूनच निकाल व्हावा. पण समोरची बाई का गप्प आहे, तक्रार करायला तिला चार महिने का लागले, हे समजणारे कोणी तिथे असावे, एवढेच.

त्या ताईला आम्ही आता उत्तर दिले आहे. तिच्या मुलीच्या सनदेला चौदा महिने झाले आहेत. तीन वर्षे व्हायला अजून बावीस महिने बाकी. तोपर्यंत वकीलपत्रावर नाव, फाईलमध्ये झेरॉक्स आणि रोज दोन तास अभ्यास. एमपीएससीची जाहिरात निघेल तेव्हा त्यात वय, तारीख आणि अटी शब्द न शब्द वाचायच्या, कारण शेवटी जाहिरातीतले लिहिलेलेच चालते.

ताई म्हणाली, "बावीस महिने म्हणजे आपल्या गटाच्या बावीस बैठका."

बरोबर आहे. मोजायला सोपे झाले. तुमच्या गटात अशी मुलगी असेल तर तिच्याही बैठका आजपासून मोजा. नमस्कार.